घर पूर्ण बांधायचं की थोडं मोकळं सोडायचं? आर्किटेक्ट लोक नेमका काय विचार करतात

(हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जमतील तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

००:०० नकाशा, कापूस आणि आज्जी

नेहमी आपण ॲप, कोड, नोकरी, पगार यावर बोलतो. आज घरावर बोलायचंय. आणि त्यातून, घरं आणि वस्तू डिझाइन करणारी माणसं डोक्यात काय विचार करतात, यावर.

सुरुवात माझ्या स्वतःच्या फजितीपासून करतो.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं गाव जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. घर जुनं, माळवदाचं. अण्णा म्हणाले, "उगवतीच्या भिंतीला पोट आलंय. यंदा निभावलं, पुढच्या पावसाळ्याचं काही खरं नाही. पाडून नवीन बांधावं लागतंय. तू इंजिनीअर हायेस ना? काढ नकाशा."

मी म्हणालो, "अण्णा, मी सॉफ्टवेअरचा इंजिनीअर आहे."

ते म्हणाले, "मग काय झालं? काॅम्प्युटरवरच काढायचाय ना?"

यावर काय बोलणार! मी पुण्यात भाड्याच्या टू बीएचकेत राहतो. शनिवार-रविवार बसलो, एक फुकटचं ॲप घेतलं आणि काढला नकाशा. हॉल, किचन, दोन बेडरूम, अटॅच्ड बाथरूम, वर स्लॅब, पुढे कार पार्किंग. थ्रीडी व्ह्यूमध्ये सोफासुद्धा ठेवला. फॅमिली ग्रुपवर टाकल्यावर चुलतभावांचे धडाधड अंगठे आले. मला वाटलं, झालं काम.

रात्री आज्जीची व्हॉइस नोट आली. चुलत बहिणीनं रेकॉर्ड करून पाठवलेली. दोनच प्रश्न होते. "कापूस कुठं ठेवायचा? अन् मी कुठं बसू?"

आता बघा, वेचणी झाली की भाव येईपर्यंत आमचा कापूस घरातच असतो. कधी महिना, कधी दोन. एक खोली छतापर्यंत भरते. मी त्याच घरात लहानाचा मोठा झालो, कापसाच्या ढिगावर उड्या मारल्या, आणि नकाशा काढताना ती खोली माझ्या लक्षातच आली नाही. दुसरं म्हणजे ओसरी. आज्जी सकाळपासून ओसरीवर असते. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस तिच्याशी दोन शब्द बोलून जातो. मी ओसरी काढून तिथं पार्किंग केलं होतं. आमच्याकडे कार नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर युझरशी एक शब्द न बोलता मी प्रॉडक्ट बनवून मोकळा झालो होतो.

तेव्हापासून मी आर्किटेक्ट लोकांबद्दल वाचायला, त्यांची व्याख्यानं बघायला लागलो. आधी मला वाटायचं, आर्किटेक्ट म्हणजे बंगल्याचं भारी एलिव्हेशन काढणारा माणूस. पण त्यातली जी विचार करणारी माणसं आहेत, ती चित्र काढायच्या आधी बराच वेळ एका प्रश्नावर घालवतात. आज काय पक्कं करायचं, आणि काय राहणाऱ्याच्या हातात सोडायचं? आजचा पूर्ण एपिसोड या एका प्रश्नावर आहे.

०३:४० आधी मोजा, मग काढा

पहिलं नाव बाळकृष्ण दोशी. जन्म १९२७ चा, पुण्यातला. कुटुंबाचा फर्निचरचा कारखाना होता, म्हणजे लाकूडकाम लहानपणापासून बघितलेलं. मग मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, पॅरिसला ल कॉर्ब्युझिएकडे काम केलं, आणि परत येऊन अहमदाबादेत स्थिरावले. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. आर्किटेक्चरमधला हा सर्वात मोठा पुरस्कार, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२३ च्या जानेवारीत ते गेले.

१९८० च्या दशकात इंदूरच्या विकास प्राधिकरणानं त्यांना काम दिलं. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी एक अख्खी वसाहत, नाव अरण्य. आता असं काम आलं की पहिला मोह काय होतो? एक चांगलं घर डिझाइन करायचं आणि साडेसहा हजार वेळा कॉपी-पेस्ट मारायचं.

दोशींच्या संस्थेनं आधी वेगळंच काम केलं. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या अभ्यासकांबरोबर मिळून ते इंदूरच्या झोपडपट्ट्यांत गेले आणि मोजमापं घेतली. ओटा किती रुंद, गल्ली किती रुंद, झाड कुठं, शेळी कुठं बांधतात, शिलाई मशीन दाराच्या आत की बाहेर, दुकान घराच्या कोणत्या बाजूला. १९८४ मध्ये या पाहणीचं पुस्तक निघालं.

सरकारी कागदावर झोपडपट्टी म्हणजे काढून टाकायची गोष्ट. या लोकांनी ती घर बांधणाऱ्या अनुभवी माणसांचं काम म्हणून वाचली. तिथल्या लोकांनी पैसा, जागा, कायदा यातलं काहीच हातात नसताना हजार निर्णय घेतलेले असतात. ओटा अमुक रुंदीचा आहे, कारण त्यावर माणूस झोपतो, भाजी निवडतो आणि गिऱ्हाईकही बसतं. नुसत्या खोल्या मोजणाऱ्याला हा ओटा दिसत नाही.

म्हणजे पहिली सवय ही. जे आधीपासून चालू आहे ते बारकाईनं बघणं. आज्जीची व्हॉइस नोट ही माझी पाहणी होती, फक्त मी ती नकाशानंतर घेतली.

०६:३० पैसे अर्ध्या घराचे असतील तर?

आता अरण्यमध्ये शेवटी बांधलं काय? सगळ्यात गरीब कुटुंबांसाठीचा प्लॉट साधारण ३५ चौरस मीटर, म्हणजे पावणेचारशे चौरस फूट. त्यावर पूर्ण घर दिलंच नाही. जोतं दिलं, संडास-मोरी दिली, पाणी आणि ड्रेनेज दिलं, आणि ज्याला परवडेल त्याला एखादी खोली. बाकी कुटुंबानं हातात पैसा येईल तसं वाढवायचं. पण "जा, बांधा" म्हणून वाऱ्यावरही सोडलं नाही. दोशींच्या ऑफिसनं ८० नमुना घरं बांधून दाखवली. जिना असा घेता येतो, गच्ची अशी, पुढे दुकान असं काढता येतं. जुळवाजुळव तुमची तुम्ही करा.

आणखी एक गोष्ट. वेगवेगळ्या उत्पन्नाची कुटुंबं एकाच वसाहतीत ठेवली, आणि मोठे प्लॉट विकून आलेल्या पैशातून छोट्या प्लॉटना आधार दिला. १९९५ मध्ये या कामाला आगा खान पुरस्कार मिळाला. प्रित्झकर देताना जी माहिती प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार तिथं साडेसहा हजारांच्या आसपास घरांत ८० हजारांहून जास्त माणसं राहतात.

हाच विचार पुढे जगाच्या दुसऱ्या टोकाला दिसतो. चिली देशात अलेहांद्रो अरावेना नावाचा आर्किटेक्ट आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत त्याच्या टीमला इकिके शहरात शंभरेक कुटुंबांसाठी घरं बांधायची होती. सरकारी अनुदान कुटुंबामागे साडेसात हजार डॉलर. एवढ्या पैशात एकतर चाळीस चौरस मीटरची डबी होणार, किंवा चांगल्या घराचा अर्धा भाग. त्यांनी अर्धा भाग निवडला. मग पुढचा प्रश्न आला, कोणता अर्धा? उत्तर असं की जो भाग कुटुंबाला स्वतःच्या हिमतीवर नीट करता येणार नाही, तो आपण करायचा. मूळ सांगाडा, जिना, बाथरूम, स्वयंपाकघर, दोन घरांमधली भिंत. शेजारी रिकामी जागा सोडायची आणि ती कुटुंब भरणार. २०१६ मध्ये अरावेनाला प्रित्झकर मिळाला, आणि त्याच वर्षी त्याच्या ऑफिसनं अशा चार डिझाइन्सची ड्रॉइंग्ज सगळ्यांसाठी मोफत टाकून दिली. चक्क ओपन सोर्स.

आपल्या गावात बघा. ग्रामीण घरकुल योजनेत ठरावीक अनुदान मिळतं, आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २७० चौरस फुटांच्या आसपास. बांधकाम लाभार्थी स्वतः करतो. म्हणजे आपल्याकडे लाखो लोक हा "कोणता अर्धा?" प्रश्न रोज सोडवतात. फरक इतकाच की त्यांच्या शेजारी बसून विचार करणारा कोणी नसतो. मिस्त्री म्हणेल तसं होतं.

आता एक आक्षेप मला स्वतःलाच येतो. "अर्धं घर" ही सरकारची पळवाट नाही का? गरिबाला अर्धं द्यायचं आणि त्याला गोंडस नाव द्यायचं? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच कोणता अर्धा दिला, हे तपासायला लागतं. भिंती आणि रंग दिला आणि ड्रेनेज सोडलं, तर ती फसवणूक. उलटं केलं तर त्याला अर्थ आहे.

१०:१० बेलापूरची घरं गेली, चौक राहिले

आता महाराष्ट्रात येऊ. चार्ल्स कोरिया. मूळ गोव्याचं कुटुंब, जन्म १९३० चा सिकंदराबादचा, कामाचं गाव मुंबई. नवी मुंबई वसवायची कल्पना ज्यांनी १९६० च्या दशकात मांडली, त्या तिघांतले एक कोरिया. बाकी दोघं प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. सिडको स्थापन झाल्यावर कोरिया तिथं मुख्य आर्किटेक्टही होते.

१९८० च्या दशकात त्यांनी बेलापूरला सिडकोसाठी एक वसाहत केली, जिला लोक आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी आहे. रचना ऐका. सात घरं, मध्ये साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचा चौक. अशा तीन चौकांची एकवीस घरं, त्यांच्यामध्ये १२ मीटर बाय १२ मीटरची मोठी मोकळी जागा. मग असे गट मिळून अजून मोठी जागा. वाड्यात मोठं झालेल्या माणसाला हे लगेच कळेल. आधी आपला चौक, मग आळी, मग गाव.

त्यात दोन निर्णय मला फार आवडतात. एक, कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. का? तुम्हाला खोली वाढवायची असेल तर शेजाऱ्याची परवानगी लागू नये, त्याच्या भिंतीला धक्का लागू नये. आपण कोडमध्ये मॉड्यूल वेगळे का ठेवतो? एकाला हात लावला की दुसरा पडू नये म्हणून. तेच. दोन, प्लॉटच्या आकारात फार फरक ठेवला नाही. साधारण ४५ ते ७५ चौरस मीटर, मग कुटुंबाचं उत्पन्न त्याहून कितीतरी पट वेगळं का असेना. घर आज छोटं बांधा की मोठं, जमीन जवळपास सारखी.

आज तुम्ही तिथं गेलात तर कोरियांची मूळ उतरत्या छपराची घरं फार थोडी दिसतील. बरीचशी पाडून लोकांनी दोन-तीन मजली बंगले बांधलेत, ग्रिल लावलेत, टाईल्स लावल्यात. यावर आर्किटेक्ट लोकांत मतभेद आहेत. काहींना वाटतं, एक सुंदर काम हातातून गेलं. काही म्हणतात, बदलता यावं म्हणूनच तर ते केलं होतं.

माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, आणि त्याचं कारण चौक. घरं बदलली, पण घराघरांतली ती मोकळी जागा, ती झाडं, गाडीच्या आधी माणसाला जागा देणाऱ्या त्या वाटा अजून आहेत. जे सामाईक होतं ते टिकलं, जे खासगी होतं ते वाहत गेलं. डिझायनरनं घट्ट कुठं धरायचं आणि हात कुठं सोडायचा, याचं हे उत्तर मला पटतं. तिथल्या एखाद्या कुटुंबाला मूळ छप्पर नको वाटलं, यात कोरियांचा अपमान नाही. चौकच बुजवला गेला असता, तर तो मात्र पराभव होता.

१३:२० पण सगळंच मोकळं सोडायचं नसतं

इथपर्यंत ऐकून वाटेल, वा, लोकांनाच ठरवू द्या. थांबा. आपण मराठवाड्यातले आहोत. आपल्याला किल्लारी विसरता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. साधारण आठ ते दहा हजार माणसं गेली. भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भूकंप जगातला फार मोठा म्हणावा असाही नव्हता, ६.२ च्या आसपास. इतकी माणसं का गेली? घरांमुळे. आणि ती घरं आमच्या घरासारखीच होती.

माळवद म्हणजे काय ते सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांनी बघितलं नसेल. दगड-मातीची दोन-अडीच फूट जाड भिंत. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर मातीचा जाड थर. पाऊस गळू नये म्हणून दर काही वर्षांनी वर नवीन माती टाकतात. जुनी कोणी काढत नाही.

मी हिशेब केला. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या वर असतं. बारा चौरस मीटरची एक खोली, तिच्यावर फूटभर माती धरली तर जवळपास सहा टन होतात. ट्रॅक्टरच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या तुमच्या डोक्यावर ठेवल्यात, आणि तुम्ही खाली झोपलाय.

भिंतीचंही तसंच. बाहेरून जाड दिसते, पण खरं तर त्या दोन पातळ भिंती असतात. एक आतली, एक बाहेरची, मध्ये माती आणि दगडाचे तुकडे. दोघींना बांधून ठेवणारा आरपार दगड नसेल, तर पावसाचं पाणी आत मुरत जातं आणि बाहेरची भिंत सुटून फुगते. अण्णा ज्याला "पोट आलंय" म्हणाले, ते हेच. हादरा बसला की ती आधी कोसळते.

किल्लारीनंतर जी घरं उभी होती, त्यांच्या मजबुतीकरणात हेच सांगितलं गेलं. छतावरची माती कमी करा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे सांधे द्या. भिंतीला चहूबाजूंनी सलग पट्टा बांधा. हा पट्टा म्हणजे काय? रद्दीचा गठ्ठा नुसता ठेवला तर धक्क्यानं पसरतो, सुतळीनं बांधला तर एकत्र राहतो. इतकं सोपं आहे. नव्या घरात हा काँक्रीटचा पट्टा जोत्याला, दार-खिडक्यांच्या वर आणि छताखाली देतात.

आता पुनर्वसनाची दुसरी बाजू. ५२ गावं नव्या जागी हलवली. घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. सरळ रुंद रस्ते, ओळीत घरं. सुरक्षिततेच्या दृष्टीनं हे मोठं काम होतं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण जुन्या गावातली आळी, पार, ओसरी, जनावरांची जागा त्या चौकटीत बसत नव्हती. मग लोकांनी पत्र्याचे आडोसे काढले, ओटे बांधले, भिंती घातल्या. म्हणजे अपुरं राहिलेलं डिझाइन लोकांनी नंतर स्वतःच पूर्ण केलं.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर माझ्या डोक्यात नियम स्पष्ट झाला. ज्यानं जीव जाऊ शकतो आणि जे नंतर बदलता येत नाही, ते आज पक्कं करायचं, तज्ज्ञाला विचारून. पाया, सांगाडा, पट्टे, ड्रेनेज. जे सवयीचं आहे, वयानुसार आणि पिकानुसार बदलतं, ते मोकळं सोडायचं.

१६:५० आणि ऊन?

माळवद धोकादायक असलं तरी त्याची एक गोष्ट आमच्या चुलतभावांना आता आठवते. मे महिन्यात जालन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा माळवदाखाली झोप लागते. नव्या स्लॅबखाली रात्री अकरा वाजताही छत तव्यासारखं ऊन फेकत असतं. कारण दिवसभर पातळ काँक्रीट तापतं आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतं. मातीचा जाड थर ती आत येऊच देत नव्हता.

कोरियांनी आयुष्यभर यावर विचार केला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अहमदाबादेत ट्यूब हाउस नावाचं छोटं, लांबट घर केलं. छत आतून उतरतं ठेवलं, म्हणजे गरम हवा उताराला धरून वर चढते आणि शेंड्याच्या फटीतून बाहेर जाते, खालून गार हवा ओढली जाते. पंखा नाही, वीज नाही. आणि दोशींचं स्वतःचं ऑफिस, संगाथ, १९८० च्या आसपासचं. अर्धं जमिनीत उतरलेलं, आणि गोल छतांवर फुटक्या पांढऱ्या टाईल्सचे तुकडे. पांढरा रंग ऊन परतवतो. टाईलच्या दुकानात असले तुकडे कचऱ्यात जातात.

या लोकांसाठी घराचं रूप फॅशनमधून येत नाही. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, पाणी कुठं जातं, हे आधी ठरतं आणि रूप त्याच्यामागून येतं.

१८:३० मग आमच्या घराचं काय झालं

अण्णांकडे नऊ लाख होते. मी काढलेल्या नकाशाला पंधराच्या वर लागत होते. कर्ज काढायचं की छोटं बांधायचं यावर घरात पंधरा दिवस वाद झाला. शेवटी मी माझा नकाशा फेकला आणि पुढच्या सुट्टीत गावाला जाऊन, आज्जीच्या शेजारी ओसरीवर बसून, वहीत फक्त लिहून घेतलं. कोण कुठं झोपतं. कापूस कधी येतो, कधी जातो. पाहुणे आले की काय होतं. आई रात्री बाहेर जायला कुठं घाबरते.

मग जालन्यातल्या एका स्ट्रक्चरल इंजिनीअरना भेटलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खाली माती कोणती?" आमच्याकडे काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना तडे जातात. म्हणून पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. दुसरा प्रश्न, "वर कधी मजला चढवणार का?" अण्णा म्हणाले, "पुढं बघू." साहेब म्हणाले, "पुढं बघता येत नाही. पाया आणि कॉलम आज ठरतात."

हे ऐकून मी गावभर स्लॅबवरून आकाशाकडे निघालेल्या सळया आठवल्या. आपलं जालना सळयांचंच शहर. एमआयडीसीत भंगार वितळवून सळया बनतात आणि राज्यभर जातात. प्रत्येक घरावर त्या उभ्या असतात, कारण पुढं पोराचं लग्न होईल, वर खोली निघेल. ती आशा खरी आहे. पण सळई वर काढली म्हणून खालचा पाया वजन पेलेल असं नाही, आणि उघडी सळई दहा पावसाळ्यांत गंजून बारीक होते. तिला निदान कच्च्या काँक्रीटनं झाकून ठेवा, असं साहेबांनी सांगितलं.

शेवटी ठरलं ते असं. पाया आणि जोतं चार खोल्यांचं, वरचा एक मजला धरून. आत्ता बांधायच्या दोनच खोल्या, संडास-मोरी घराला लागून, आणि ओसरी. एका खोलीला रुंद दार आणि वर मोठे झरोके. तीन महिने ती कापसाची, बाकी वर्ष झोपायची. जिना बाहेरून, मावळतीच्या बाजूला, म्हणजे दुपारचं ऊन त्याच्यावर पडेल. कडुलिंब तोडायचा नाही. गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाईल्स. माळवदाच्या सागवानी तुळया विकायच्या नाहीत, त्यांच्या चौकटी करायच्या. उरलेल्या दोन खोल्यांच्या जोत्यावर सध्या काही नाही. तिथं आई मिरच्या वाळवते.

इंजिनीअर साहेबांची फी एकूण खर्चाच्या मानानं किरकोळ होती. अण्णा आधी म्हणत होते, "कागदाचे पैसे कशाला?" आता गावात कोणी बांधायला काढलं की तेच सांगतात, "आधी कागद करून घ्या." एक मात्र नक्की लक्षात ठेवा. मी आर्किटेक्ट नाही. हा एपिसोड ऐकून पाया खणू नका. तुमच्या मातीसाठी, तुमच्या जागेसाठी माणूस गाठा.

माझ्या कामातही यामुळे फरक पडला. नवीन फीचर आलं की आधी मी स्क्रीन काढायला बसायचो. आता टीममध्ये दोन रकाने काढतो. काय पक्कं, काय मोकळं. युझरचा डेटा, पैसे, सुरक्षा हे पहिल्या रकान्यात, तिथं तडजोड नाही. स्क्रीनवर काय कुठं, कोणता शब्द, कोणता क्रम, हे जमेल तेवढं दुसऱ्या रकान्यात.

ओसरी माझ्या अंदाजापेक्षा फूटभर रुंद झालीये. मिस्त्री म्हणत होता, एवढी कशाला? आज्जीनं आपली बाज आणून त्या जागेवर ठेवायला लावली आणि म्हणाली, "बाज टाकून माणूस जाया पायजे. मोज." मोजली. ती म्हणत होती तेवढीच लागत होती.

तर मंडळी, तुमच्या घरात असं काय आहे जे बांधणाऱ्यानं ठरवलं नव्हतं, तुम्ही नंतर केलं? पत्र्याचा आडोसा, बाल्कनीतलं देवघर, जिन्याखालचं अभ्यासाचं टेबल, काहीही. व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकवतो. आणि तुमच्या गावाकडं भिंतीला पोट आलेलं असेल, तर व्हॉइस नोट नंतर पाठवा, आधी त्या खोलीत झोपणं बंद करा.

भेटू पुढच्या आठवड्यात.